निरोग्याला दाबाखालचा प्राणवायू कशाला?



गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा बारावीतला एक मुलगा गुळगुळीत कागदावर छापलेले एक रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आला. पत्रकावर पारदर्शक नळकांड्यात डोळे मिटून निजलेल्या एका बाईचे चित्र होते. बारावीच्या वर्षात कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही अशी शांतता तिच्या चेहऱ्यावर होती. खाली लिहिले होते की, या नळकांड्यात दाबाखालचा शुद्ध प्राणवायू घेतला म्हणजे थकवा जातो, झोप सुधारते, त्वचा तजेलदार होते, खेळाडूंचे दुखरे स्नायू लवकर बरे होतात, स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढते, इतकेच नव्हे तर वयही मागे सरते. दहा बैठका एकदम घेतल्यास सवलत! मुलाच्या वडिलांच्या मनात नेमका 'एकाग्रता' हा शब्द भरला होता. परीक्षा तीन महिन्यांवर आलेली.

"काका, हे खरे असते का हो?" त्याने विचारले.

मला एकदम 'नाही' म्हणता येईना. माझ्या मावसभावाला मधुमेह आहे. त्याच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती. डॉक्टरांनी त्याला अशाच एका दाबकोठीत तीस बैठका दिल्या आणि जखम भरून आली. आता त्याच काळात त्याच्या पायावर छोटी शस्त्रक्रियाही झाली होती, जंतुनाशक औषधे चालू होती आणि साखर काबूत आणली गेली होती. त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यावे हे मी सांगू शकत नाही. पण कोठीचा उपचार हे थोतांड नव्हे, एवढे मला ठाऊक होते. या उपचाराला 'हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी' असे लांबलचक नाव आहे. 'हायपरबेरिक' म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा.

तर मग आजाऱ्याला जे उपयोगी पडते ते निरोग्याला आणखी उपयोगी का पडू नये? मुलाच्या वडिलांचा तर्क हाच होता, आणि वरवर पाहता तो सरळ वाटतो. आपल्या भाषेतला शब्दही त्या तर्काला साथ देतो. ऑक्सिजनला आपण 'प्राणवायू' म्हणतो. ज्याच्या नावातच प्राण आहे, तो जास्त मिळाला तर वाईट कसे होईल? शिवाय २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सिलिंडरसाठी धावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जाहिरातीचे निम्मे काम या शब्दाने आणि त्या आठवणींनी आधीच करून ठेवलेले आहे. उरलेले निम्मे आपण हिशेबाने तपासू. हिशेब आठवी-नववीच्या गणिताचाच आहे.

आधी दाब. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरणदाब म्हणतात. पाण्यात दहा मीटर खाली गेले की त्यात आणखी एकाची भर पडते. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण दोन वातावरणांचा दाब असतो. रुग्णालयातील दाबकोठीत बहुधा दोन ते तीन वातावरणांचा दाब ठेवतात आणि त्यात रुग्णाला तास-दीड तास शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देतात. (कुकरचे उदाहरण फक्त दाबापुरते. कोठीत कोणी शिजत नाही!)

आता रक्त. १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते, आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरून ठेवते. गुणाकार करून पाहा. उत्तर २० च्या आसपास येईल. याशिवाय थोडा प्राणवायू रक्तातील पाण्यात नुसता विरघळलेला असतो, पण तो किती? अवघा ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन ही एस.टी.ची बस धरली, तर तिच्यातल्या आसनांवर बसलेले उतारू वीस आणि दारात लोंबकळणारा एकाचा जेमतेम तिसरा हिस्सा, असा हा प्रकार आहे.

निरोगी माणसाच्या बसमधील आसने आधीच भरलेली असतात. १०० पैकी ९७-९८ भरलेली. साथीच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नेमकी ही टक्केवारी दाखवते. थांब्यावर कितीही गर्दी जमवा, आसने वाढत नाहीत. मग दाबकोठीत होते काय? वाढतात ते लोंबकळणारे. दाब वाढवला की द्रवात वायू अधिक विरघळतो. सोड्याच्या बाटलीत हेच केलेले असते. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला, तर १०० मिलिलिटर रक्तात ०.३ ऐवजी सुमारे ६ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर तेवढ्या रक्तातून सुमारे ५ मिलिलिटरच काढून घेते. म्हणजे क्षणभर हिमोग्लोबिन नाहीसे झाले तरी काम भागेल!

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथील शल्यविशारद ईटे बुरेमा यांनी तो करून दाखवला. त्यांनी डुकराच्या पिलांचे जवळजवळ सर्व रक्त काढून त्याऐवजी लाल पेशी नसलेला द्रव भरला, आणि तीन वातावरणांच्या दाबाखाली प्राणवायू देऊन त्यांना जिवंत ठेवले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला त्यांनी 'रक्ताविना जीवन' अशा अर्थाचे नाव दिले होते.

या उपचाराचे खरे उपयोग आता तुमच्या तुम्हीच ओळखू शकाल. जिथे आसनांची बस पोहोचत नाही किंवा आसने दुसऱ्याने अडवली आहेत, तिथे हे लोंबकळणारे उतारू कामाचे. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे किंवा कोंडलेल्या शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते, तेव्हा तो विषारी वायू हिमोग्लोबिनवर ठाण मांडून बसतो. साध्या हवेत त्यातला निम्मा निघून जायला सुमारे पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास, आणि तीन वातावरणांच्या दाबाखाली दिला तर २३ मिनिटांच्या आसपास. पाणबुडा खोल पाण्यातून घाईने वर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. कोठीत दाब देऊन ते पुन्हा लहान करता येतात. तीनपट दाबाखाली बुडबुड्याचे आकारमान एक-तृतीयांश होते, हा बॉईलचा नियम तुम्ही शिकला आहातच. याखेरीज काही हट्टी जखमा, कर्करोगावरील किरणोपचाराने इजा झालेल्या पेशी, वायूजन्य कोथ असे मिळून चौदा-पंधरा विकार वैद्यकाने या उपचारासाठी मान्य केले आहेत. त्या यादीत थकवा नाही, त्वचा नाही, आणि एकाग्रताही नाही.

निरोग्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. रक्तात प्राणवायू गरजेपेक्षा जास्त झाला की शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे बसगाड्याच कमी सोडते. शरीर आपल्यापेक्षा काटकसरी आहे.

हल्ली काही ठिकाणी, आणि विकत घेऊन घरीही, मऊ कापडी पिशवीसारखी कोठी वापरतात. तिच्यात दाब असतो साधारण १.३ वातावरणे. हवेत प्राणवायू २१ टक्के. २१ गुणिले १.३ म्हणजे सुमारे २७. म्हणजे या पिशवीत साध्या हवेवर पडून राहणे हे बाहेर बसून २७ टक्के प्राणवायू असलेली हवा घेण्यासारखेच झाले. नाकाशी लावलेल्या साध्या नळीनेही एवढे होते. आणि दाब म्हणाल, तर तीन मीटर खोल विहिरीच्या तळाशी बुडी मारून पोचणाऱ्या पोराला तेवढा दाब फुकट मिळतो.

आता एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेत कॅन्सस येथे ऑर्व्हल कनिंगहॅम नावाचे डॉक्टर होते. उंच डोंगराळ भागातील हृदयरोगी सखल प्रदेशात आले की त्यांना बरे वाटते, असे त्यांच्या पाहण्यात आले. त्यावरून दाट हवा औषधी असली पाहिजे असे त्यांनी ठरवले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांनी श्वास कोंडलेल्या रुग्णांवर दाबाखालच्या हवेचा उपाय केला. इथवर सारे ठीक. पुढे मात्र मधुमेह, उपदंश, कर्करोग अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या रोगांवर तोच उपाय ते सांगू लागले. बेअरिंग बनवणाऱ्या एका धनाढ्य कारखानदाराने त्यांना सुमारे दहा लाख डॉलर दिले, आणि १९२८ मध्ये क्लीव्हलँड शहरात ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभा राहिला. पाच मजले, आत निजण्याच्या खोल्या, गोल खिडक्या. एखाद्या हॉटेलासारखी सोय, फक्त आतली हवा दाबलेली!

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कनिंगहॅम यांच्याकडे वारंवार एकच गोष्ट मागितली: किती रुग्ण आले, किती बरे झाले, आणि गोलात न जाता किती बरे झाले असते, याचा पुरावा दाखवा. त्यांनी तो कधीच दिला नाही. गोल पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला, ओस पडला, आणि १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवे म्हणून मोडीत निघाला. कनिंगहॅम लबाड होते असे मला वाटत नाही. त्यांचा स्वतःच्या उपायावर विश्वास होता, फक्त त्यांनी मोजले नाही. बरे वाटलेला रुग्ण समोर उभा असताना मोजायचे कशाला, असे त्यांना वाटले असावे.

मोजायचे का, त्याचे उत्तर आपल्याच काळातील एका चाचणीत आहे. डोक्याला सौम्य मार लागून नंतर डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड यांनी त्रस्त झालेल्या अमेरिकन सैनिकांवर ती घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला कोठीत दाबाखालचा खरा प्राणवायू दिला. दुसऱ्या गटाला त्याच कोठीत केवळ १.२ वातावरणांपर्यंत दाबलेली साधी हवा दिली. कान थोडे दडपतील, आणि आपल्यालाही उपचार मिळतो आहे असे वाटेल, एवढाच दाब. तिसऱ्या गटाला फक्त नेहमीची वैद्यकीय मदत होती. नेहमीच्या मदतीपेक्षा कोठीत गेलेले दोन्ही गट सुधारले, पण त्या दोघांत फरक आढळला नाही. खऱ्या प्राणवायूने जेवढे बरे वाटले, तेवढेच लटक्यानेही!

यावर या उपचाराचे कैवारी म्हणतात की, १.२ वातावरणांची हवासुद्धा औषध असेल, लटकी कशावरून? प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, तपासायला हवा. पण एक गणित करून पाहा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच. तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आले की हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, त्या लटक्या कोठीतल्या वाढीच्या जवळपास. तेवढ्याने मेंदू तल्लख होत असेल, तर त्या घाटातून रोज ये-जा करणाऱ्या एस.टी. वाहकाच्या स्मरणशक्तीची एव्हाना सर्वत्र कीर्ती व्हायला हवी होती.

मला वाटते, बरे वाटण्याचे कारण साधे असावे. रोज एक तास कोणीतरी आपली आस्थेने विचारपूस करते, आपण शांत पडून राहतो, आणि हातात मोबाइल नसतो. (मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्याचे कारण पुढे येईल.) हे बरे वाटणे खोटे नसते. मात्र त्यासाठी पोलाद आणि प्राणवायू लागत नाही.

'वय मागे सरते' हा दावा कुठून आला तेही सांगतो. २०२० मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी चौसष्ट वर्षे व त्यांवरील ३५ जणांना साठ बैठका दिल्या आणि रक्तातील काही पेशींच्या गुणसूत्रांची टोके लांबल्याचे नोंदवले. वयाबरोबर ही टोके आखूड होत जातात, म्हणून वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. परंतु या प्रयोगात कोठीत न गेलेल्यांचा तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय रक्तपेशीतील टोके लांबणे म्हणजे माणूस तरुण होणे नव्हे. खेळाडूंच्या दुखऱ्या स्नायूंवरही चाचण्या झाल्या आहेत, आणि दुखणे त्यामुळे लवकर थांबते असे त्यांतून दिसून आलेले नाही.

"असू दे ना, फायदा नसेल तर नसो. तोटा तर नाही?" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. तोटा आहे. दाबाखालचा प्राणवायू मज्जासंस्थेला विषारी ठरू शकतो, आकडी येते, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले. १९३९ मध्ये थीटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे गेली. तेव्हा सुटकेचे मार्ग शोधण्यासाठी जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ स्वतः दाबकोठीत बसले. अशा प्रयोगांत प्राणवायूमुळे त्यांना झटके आले, पाठीच्या मणक्यांना इजा झाली, कानाचे पडदेही फाटले. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. असे झटके क्वचितच येतात, हे खरे. पण कान दुखणे नित्याचे आहे, आणि अनेक बैठकांनंतर काही आठवडे दूरचे अंधुक दिसण्याचा त्रासही पुष्कळांना होतो. परीक्षेच्या तोंडावर फळा दिसेनासा झाला, तर एकाग्रता घेऊन काय करायचे?

आणि आग. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण तो भरपूर असला की कापूस, केस, तेल यांना ठिणगी पुरते. मोबाइलला आत बंदी असते ती यासाठी. १९९७ मध्ये इटलीतील मिलान येथे एका रुग्णालयातील कोठीत आग लागून अकरा जण दगावले. ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ट्रॉय येथील एका केंद्रात कोठीला आग लागली आणि आतला पाच वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याला तेथे नेले होते ते झोपेच्या आणि लक्ष एकाग्र न होण्याच्या तक्रारींसाठी. हे वाचल्यापासून तो 'एकाग्रता' शब्द पत्रकावर पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. पाणबुड्याचा जीव वाचवताना थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे असते. ज्याला आजारच नाही, त्याच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आपण काय टाकणार?

माझा दाबकोठीला विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. त्यावर नवे प्रयोग व्हावेत, मेंदूच्या इजेवर व्हावेत, दीर्घ कोविडवर व्हावेत. पण ते प्रयोग म्हणूनच व्हावेत. रुग्णाला सगळे धोके सांगून, तुलनेचा गट ठेवून आणि निकाल उलटा आला तरी तो छापून. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे आणि निकालाची नोंद कोणी ठेवायचीच नाही, हा व्यवहार मला मान्य नाही. असे हजार बैठकांनंतरही आपल्या ज्ञानात काडीची भर पडत नाही. कनिंगहॅमच्या गोलातून शेवटी लोखंडाखेरीज काही हाती लागले नाही, ते याचमुळे.

शेजारच्या त्या मुलाला मी यातले बरेचसे सांगितले. तो घरी गेला, कपाटातले ऑक्सिमीटर काढले आणि सगळ्यांची बोटे त्यात घालून तक्ता केला. वडील ९८, आई ९८, धाकटी बहीण ९९, तो स्वतः ९८, आजी ९६. "यात आणखी किती घालणार?" असे त्याने वडिलांना विचारले. वडील थोडे वरमले, पण पुरते बधले नाहीत. म्हणाले, "चल, त्यांनाच विचारू."

दोघे त्या केंद्रात गेले. मुलाने तीन प्रश्न वहीत लिहून नेले होते. आतला दाब किती असतो? एकाग्रता वाढली हे तुम्ही कसे मोजले? आणि कोठीत न बसलेल्या मुलांची त्याच काळात किती वाढली? टेबलामागच्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि खण उघडून त्याला त्याच पत्रकाची आणखी एक प्रत दिली.